वारस नंतर, कारभारी आधी

इंदुरात ‘खासगी ट्रस्ट’ म्हटले की ऐकणाऱ्यापुढे अहिल्याबाई, घाट आणि मंदिरे उभी राहतात. होळकरांच्या खासगीतल्या देवस्थानांसाठी १९६२ मध्ये झालेला तो न्यास. गंमत अशी की नावातच ‘खासगी’ असलेल्या या न्यासाला मध्य प्रदेशाचा १९५१ चा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये ठरवले आणि तशी नोंदणी करायला लावली. इथे बोलायचे आहे ते खऱ्याखुऱ्या खासगी ट्रस्टबद्दल, म्हणजे १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखाली एखाद्याने स्वतःच्या पैशाचा, स्वतःच्या म्हातारपणासाठी केलेल्या ट्रस्टबद्दल. त्याचा धर्मादायाशी संबंध नाही, त्याची नोंद पब्लिक ट्रस्टच्या रजिस्ट्रारकडे होत नाही आणि तो करायला होळकर असावे लागत नाही. रामबागेतल्या निवृत्त शिक्षिकेलाही तो करता येतो.

आमचे म्हणणे असे की लग्न न केलेल्या, मूलबाळ नसलेल्या माणसाने तो करावाच. मात्र लोक ज्या कारणासाठी वकिलाकडे जातात, त्या कारणासाठी नव्हे. ‘माझ्यामागे हे कोणाला जाईल?’ एवढाच प्रश्न असेल तर मृत्युपत्र पुरते. साधा कागद, तुमची सही, ती सही होताना हजर असलेले दोन साक्षीदार. मुद्रांक लागत नाही, रजिस्ट्री ऐच्छिक आहे आणि इंदुरात प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर घेण्याची, सक्ती नाही.

मृत्युपत्रही न करता गेलात तर काय होते, ते मात्र एकदा नीट पाहावे, कारण बहुतेकांचा अंदाज चुकतो. समजा तीन भावंडे. एक अविवाहित, एक हयात बहीण, एक दिवंगत भाऊ आणि त्याच्यामागे बायको नि मुलगा. आई-वडील नाहीत. अविवाहित भावंड पुरुष असेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे सगळे हयात बहिणीला जाते. पुतण्याचा क्रम खालचा, त्याला काही मिळत नाही. तेच अविवाहित भावंड स्त्री असेल तर मिळकत ‘वडिलांच्या वारसां’कडे जाते, जणू वडीलच आत्ता वारले आहेत. मग हयात बहिणीला अर्धा आणि दिवंगत भावाची बायको नि मुलगा यांना मिळून अर्धा. तेच घर, तीच माणसे, मालक बाई की पुरुष एवढाच फरक, आणि वाटणी पार वेगळी. शेवटी सेवा कोणी केली हे कायदा दोन्हीकडे विचारत नाही.

नॉमिनीवर विसंबणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की नॉमिनी हा रखवालदार असतो, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने नॉमिनीलाच रकमेचा धनी मानायची सोय झाली, पण ती आई-वडील, नवरा-बायको आणि मुले यांच्यापुरती. भाचीला नॉमिनी केले तर ती रखवालदारच राहते. अविवाहिताला कायदा पदोपदी असा परका करतो. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी नेमता येतात ही सोय चांगली, पण म्हणून एका रखवालदाराचे चार झाले एवढेच.

हे सारे मेल्यानंतरचे झाले आणि ते मृत्युपत्राने निस्तरता येते. खरी अडचण त्याआधीच्या पाच-सात वर्षांची आहे. पक्षाघात झाला, स्मृतिभ्रंश जडला, माणूस जिवंत आहे पण सही करू शकत नाही, अशी वर्षे. मृत्युपत्र तेव्हा कपाटात मुके पडून असते, कारण ते मृत्यूनंतरच बोलते. मग लोक मुख्त्यारनाम्याकडे, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नीकडे, बोट दाखवतात. इथेच खरी गोची आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मालकाची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्याराचा अधिकार संपतो. नेमकी गरज पडते त्या दिवशी तो कागद रद्दी होतो. भाचा मुख्त्यारनामा घेऊन बँकेच्या काउंटरवर उभा आहे आणि मॅनेजर आपुलकीने विचारतो, ‘मावशी कशा आहेत आता?’ भाच्याने खरे सांगितले, ‘ओळखत नाहीत कोणाला,’ की त्याच वाक्याने त्याचा अधिकार गेला. खोटे बोलला तरच चालतो असा हा दस्त! अनेक देशांनी बुद्धी गेल्यावरही टिकणाऱ्या मुख्त्यारनाम्याचा कायदा केला. आपल्याकडे तो नाही. मग उरते कोर्टात जाऊन पालक नेमून घेणे. त्याला वेळ लागतो, आणि अर्ज करायला तरी कोणी आपले माणूस लागतेच.

मराठी संस्थानिकांनी निपुत्रिकपणावर शोधलेला उपाय दत्तकाचा. १८७५ मध्ये कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा बडोद्याच्या गादीवर आला, पुढे तोच सयाजीराव. वारसाचा प्रश्न त्या दिवशी सुटला. राज्य मात्र १८८१ च्या अखेरीपर्यंत दिवाण टी. माधवराव चालवत होते. वारस एक आणि कारभारी दुसरा, ही जाण त्या व्यवस्थेला होती. आपण एकटी माणसे वारस शोधत बसतो आणि कारभारी नेमायचे विसरतो.

ट्रस्ट म्हणजे कारभारी नेमणे. मिळकत विश्वस्तांच्या नावे होते, ती तुमच्या हयातीत तुमच्यावरच खर्च करायची असते आणि उरेल ते तुम्ही सांगाल त्याला द्यायचे असते. मालकी आधीच विश्वस्तांकडे गेलेली असल्यामुळे तुमची बुद्धी गेली म्हणून त्यांचा अधिकार जात नाही. मुख्त्यारनाम्याहून तो वेगळा ठरतो तो एवढ्यामुळेच. पण मसुदा बाजारातला छापील घेतला तर हाही फायदा हातचा जातो, म्हणून काही कलमे बारकाईने लिहून घ्यावी लागतात.

पहिले, रद्द करण्याचा अधिकार. न्यास कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे असा अधिकार दस्तात स्पष्ट राखून ठेवला नसेल तर पुढे सर्व लाभार्थींच्या संमतीशिवाय ट्रस्ट मोडता येत नाही. म्हणून तो राखून ठेवा, पण तीन अटी घालून. तो फक्त तुम्ही स्वतः, लेखी वापराल. कोणत्याही मुखत्यारामार्फत नाही. आणि तुम्ही अक्षम झाल्याचा दाखला झाला की तो स्थगित होईल. या अटी नसतील तर तुमच्या आजारपणात कोणीतरी जुना मुख्त्यारनामा काढून ट्रस्टच मोडू पाहील.

दुसरे कलम अक्षमतेचे, आणि सगळा दस्त त्यावर उभा असतो. बहुतेकांना सुरुवातीला स्वतःही विश्वस्त राहायचे असते, ते योग्यच. मात्र कलम ४८ म्हणते की दस्तात वेगळे लिहिले नसेल तर सर्व विश्वस्तांनी मिळूनच काम करायचे. तुम्ही तिघांपैकी एक विश्वस्त, आणि तुम्हालाच सही करता येईना, तर उरलेल्या दोघांचे हातही बांधले जातात. म्हणून लिहायचे असे: दोन डॉक्टरांनी, त्यातला एक न्यूरोलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ, लेखी दाखला दिला की त्या तारखेपासून तुम्ही विश्वस्त राहणार नाही, पुढचा विश्वस्त आपोआप आत येईल आणि बहुमताने कारभार चालेल. तुमची तपासणी करायला आणि तिचा निष्कर्ष विश्वस्तांना सांगायला तुमची आगाऊ संमती आहे, हेही त्याच कलमात घाला. नाहीतर रुग्णाची माहिती देता येत नाही म्हणून डॉक्टर दाखला देणार नाही, आणि त्याचे काही चुकणारही नाही.

तिसरे, विश्वस्त कोण. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. एक नेहमीची चूक म्हणजे तीन समवयस्क मित्र. सत्तरीच्या माणसाने सत्तरीचे तिघे नेमले तर पंधरा वर्षांनी चौघेही एकाच रांगेत. निदान एक विश्वस्त तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान हवा, आणि एक तरी इंदुरात राहणारा हवा. पुण्या-बंगळुरूचा भाचा हिशेब पाहील. रात्री अटेंडंट आली नाही तर तो काय करणार? दुसरी चूक जास्त गंभीर आहे आणि ती प्रेमापोटी होते. ज्याला उरलेले सगळे मिळणार, त्यालाच एकट्याला विश्वस्त करायचे. त्याचे मन कितीही चांगले असो, तुमच्यावर खर्च झालेला प्रत्येक रुपया त्याच्या वाट्यातून जातो. उरलेले ज्याच्या घरी जाणार, त्याच्याच हाती पळी देऊ नये. तो विश्वस्तांपैकी एक असायला हरकत नाही. बहुमत त्याच्याकडे नको. खर्चाच्या कलमातही ‘शक्य तितकी काटकसर’ असले शब्द येऊ देऊ नका. ‘माझ्या सोयीसाठी मुद्दलही संपवावे, वारसांसाठी राखून ठेवण्याची गरज नाही’ असे ठणठणीत लिहा.

विश्वस्ताला मोबदला हवा तर तो दस्तात लिहावा लागतो. कलम ५० प्रमाणे एरवी तो हक्काने मिळत नाही. आमच्या मते तो लिहावाच. फुकट काम करणाऱ्याला जाब विचारता येत नाही. आणि विश्वस्त होण्याआधी त्या माणसाला कलम ४६ वाचून दाखवावे. एकदा स्वीकारल्यावर मनात आले म्हणून सोडता येत नाही. लाभार्थींची संमती, कोर्टाची परवानगी किंवा दस्तातली खास तरतूद लागते. ती तरतूद ठेवा: तीन महिन्यांची लेखी सूचना आणि उत्तराधिकाऱ्याने सूत्रे हाती घेतल्याची सही. हिशेब मागण्याचा हक्क लाभार्थीचा असतो, पण लाभार्थी म्हणजे तुम्ही, आणि तुम्हाला तेव्हा महिना कुठला हेही आठवत नसेल. म्हणून दरवर्षी ३० जूनपर्यंत सीएने तपासलेला हिशेब विश्वस्त नसलेल्या दोघा नावानिशी व्यक्तींना पाठवायचा, आणि त्या दोघांनी मिळून विश्वस्त बदलता यावा, असे कलम घाला.

दस्त झाला, फोटो निघाले, पेढे वाटले. पुढे? पुढे काहीच होत नाही, आणि बहुतेक ट्रस्ट इथेच मरतात. दस्तात मूळ निधी म्हणून अकरा हजार रुपये लिहिलेले असतात, ट्रस्टच्या खात्यात तेवढेच पडून असतात, आणि चाळीस लाखांच्या एफडीच्या पावत्या अजून एकट्याच्या नावे. कलम ६ प्रमाणे मिळकत विश्वस्तांकडे सुपूर्द झाली तरच ट्रस्ट होतो. परिशिष्टात नुसती यादी जोडल्याने एफडी ट्रस्टची होत नाही. दस्तानंतरच्या तीन महिन्यांत ट्रस्टचे पॅन, बँक खाते, एफडी मोडून नव्याने करणे, म्युच्युअल फंडाचा फोलिओ आणि डीमॅट, एवढे उरकले पाहिजे. बँकेत जाताना रजिस्टर्ड दस्ताची प्रमाणित प्रत, पॅन, सर्व विश्वस्तांची केवायसी आणि खाते कोणाच्या सह्यांनी चालेल याचा सर्वांनी सही केलेला ठराव बरोबर असावा. शाखेत हमखास ‘पब्लिक ट्रस्टचे नोंदणी प्रमाणपत्र आणा’ असे ऐकावे लागते. भांडत बसू नका. हा १८८२ च्या कायद्याखालचा खासगी न्यास आहे आणि त्याला ते प्रमाणपत्र लागत नाही, असे वकिलाचे एक पानी पत्र आधीच फाइलमध्ये ठेवा. नुसता पैसाच ट्रस्टमध्ये टाकायचा असेल तर कायद्याने रजिस्ट्री सक्तीची नाही. तरी ती करा, कारण काउंटरवर नोटरीच्या शिक्क्यापेक्षा रजिस्ट्रीचे वजन जास्त.

सगळेच ट्रस्टमध्ये जात नाही. पीपीएफ आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना, जिची मर्यादा ३० लाख आहे, या व्यक्तीच्याच नावे राहतात. ट्रस्टच्या एफडीला ज्येष्ठांचे जादा व्याज नाही. पेन्शनही तुमच्याच खात्यात येणार. त्या खात्यातून दरमहा ठरावीक रक्कम ट्रस्टच्या खात्यात वळती करण्याची सूचना धडधाकट असतानाच देऊन ठेवा, आणि या बाहेर राहिलेल्या सगळ्यासाठी एक छोटे मृत्युपत्र करा: ‘माझ्या मागे जे उरेल ते अमुक ट्रस्टला.’

किती टाकायचे? हिशेब सोपा आहे. दोन पाळ्यांच्या अटेंडंट, औषधे, घरखर्च धरून महिना साठ हजार मानले तर वर्षाला ७ लाख २० हजार, पाच वर्षांचे ३६ लाख. त्यावर एका मोठ्या इस्पितळवारीची जोड. एवढी रोकड जमेला असेल तर घराला हात लावू नका. स्थावर मिळकतीचा ट्रस्ट हयातीत करायचा तर कलम ५ प्रमाणे रजिस्ट्री सक्तीची, आणि त्याबरोबर मुद्रांक आला. तेच घर मृत्युपत्राने ट्रस्टला दिले तर मुद्रांक नाही. पण घर हीच एकमेव पुंजी असेल आणि आजारपणात ते विकूनच खर्च भागणार असेल, तर मुद्रांक भरून ते आजच ट्रस्टमध्ये टाकणे शहाणपणाचे. नंतर विकायला सही करणारे कोणी नसेल. ‘संपदा’ या राज्याच्या ऑनलाइन रजिस्ट्री पोर्टलवर दस्त चढवण्यापूर्वी, तो चढवून देणाऱ्या सर्विस प्रोव्हायडरकडून गाइडलाइनप्रमाणे (सरकारी दरपत्रकाप्रमाणे) मुद्रांक आणि पंजीयन शुल्काचा आकडा लेखी घ्या. प्लॉट विकास प्राधिकरणाच्या लीजवर असेल तर आधी त्यांची परवानगी. आणि रजिस्ट्री झाली की नगर निगमात नामांतरण. हे शेवटचे काम राहते, मग संपत्तिकराची (घरपट्टीची) पावती वर्षानुवर्षे जुन्याच नावाने येत राहते आणि विक्रीच्या वेळी ग्राहक बिचकतो.

टॅक्स वाचेल म्हणून कोणी ट्रस्ट विकत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. रद्द करता येणाऱ्या ट्रस्टचे उत्पन्न तुमच्याच विवरणपत्रात धरले जाते. काही वाचत नाही, काही वाढतही नाही. तुमच्यामागे मात्र काळजी घ्यायची आहे. कोणाला किती हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडले तर कर कमाल दराने बसतो, म्हणून हिस्से आकड्यांत लिहा आणि वर्षभरात वाटून ट्रस्ट बंद करा.

‘एवढे कशाला, घर आत्ताच पुतण्याच्या नावे बक्षीस करून टाकतो, तो बघेल’ असे म्हणणारे पुष्कळ. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत परत मिळवता येते, आणि मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला, हे खरे. त्याच कायद्याने निपुत्रिक ज्येष्ठाला, त्याची मिळकत ज्याला मिळणार त्या नातेवाइकाकडे चरितार्थही मागता येतो. पण हे सगळे उपाय कोणीतरी ट्रिब्युनलकडे अर्ज केल्यावरचे आहेत. ज्येष्ठ स्वतः असमर्थ असेल तर दुसऱ्याने किंवा संस्थेने त्याच्या वतीने अर्ज करायची सोय कायद्यात आहे, पण त्यासाठीही पुढे येणारे कोणी लागते. अंथरुणावर पडलेला माणूस एकटा त्या पायऱ्या कशा चढणार?

आता सरकारशी भांडण. महाराष्ट्रात राहते घर मुलाला किंवा नातवाला बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. कुटुंबातल्या कुटुंबात मिळकत फिरते म्हणून ही सवलत, आणि ती रास्त आहे. मग ज्याला मूलच नाही, त्याने तेच घर दुसऱ्या कोणाला न देता स्वतःच्याच सांभाळासाठी विश्वस्तांकडे सोपवले तर त्यात विक्री कुठे झाली? हयातीत एकमेव लाभार्थी स्वतः मालक असेल, तर मध्य प्रदेशासह सर्व राज्यांनी अशा दस्ताला नाममात्र मुद्रांक लावावा. तिजोरी बुडत नाही. पुढे घर वारसाकडे जाईल तेव्हा हवे तर घ्या. दुसरी मागणी त्याहून मोठी: बुद्धी गेल्यावरही टिकणारा, कोर्टात नोंदलेला, हिशेबाची सक्ती असलेला मुख्त्यारनामा कायद्यात आणा. तो आला तर अर्ध्या लोकांना ट्रस्टची गरजच उरणार नाही, आणि हे आम्ही आनंदाने म्हणतो. पेन्शन, एक फ्लॅट आणि दहा-बारा लाख असलेल्या माणसावर ट्रस्टचा डोलारा लादणे बरोबर नाही. आज त्याच्यासाठी विश्वासाच्या माणसाबरोबर जॉइंट खाते, नॉमिनी आणि मृत्युपत्र एवढेच आहे, आणि जॉइंट खातेदाराने सगळे काढून नेले तर हिशेब विचारणारे कोणी नाही, ही उघडी बाजू तशीच राहते.

ट्रस्टचा अधिकार पैशावर चालतो, देहावर नाही. उपचार कुठे थांबवायचे यासाठी वेगळा कागद लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेली आणि जानेवारी २०२३ मध्ये सोपी केलेली आगाऊ वैद्यकीय सूचना दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येते. तीत ज्यांची नावे घालाल त्यांना एक प्रत आजच द्या.

आणि सगळे झाले की तब्येत ठणठणीत असताना एक महिना रंगीत तालीम करा. विजेचे बिल, कामवाल्या बाईंचा पगार, औषधांचे पैसे, सगळे त्या महिन्यात विश्वस्तांनी ट्रस्टच्या खात्यातून द्यायचे. तुम्ही नुसते बघायचे. पहिल्याच दिवशी बहुधा कळेल की बँकेचा ओटीपी अजून तुमच्याच मोबाइलवर येतो, आणि त्या मोबाइलचे कुलूप तुमच्या अंगठ्याशिवाय उघडत नाही.